ऑटोमॅटिकची कुरकुर: आधी काडी, मग पाना

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या शहरात घेतलेल्या छोट्या ऑटोमॅटिक गाड्या आता हात बदलून मराठवाड्यातल्या तालुक्यांपर्यंत आल्या आहेत. या वेळची पत्रं त्यांचीच आहेत. उत्तरं वाचण्याआधी आपल्या गाडीत कोणत्या जातीचा गिअरबॉक्स आहे ते पक्कं करा, कारण एकीचं औषध दुसरीला विष ठरतं. लिव्हरवर ‘पी’ (पार्किंग) नसेल, फक्त आर, एन, डी आणि एम (रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, मॅन्युअल) असेल, तर ती बहुधा एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. ‘पी’ आहे आणि वेग वाढताना एकेक गिअर पडल्याचं जाणवतं, तर टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा. ‘पी’ आहे, पण गिअर बदलल्याचं कधीच जाणवत नाही आणि रेस एकसारखी राहून वेग वाढत जातो, तर सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारा.

प्रश्न: माझी २०११ची चार गिअरची ऑटोमॅटिक हॅचबॅक आहे, ९०,००० किमी झाले. सकाळी ‘डी’त टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग गाडी दचका देऊन निघते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस वाढते, पण गाडी पुढं जात नाही, आणि मग हिसका बसतो. मिस्त्री म्हणतात, गिअरबॉक्स खोलावा लागेल. खोलू का? (एक वाचक, लातूर)

उत्तर: इतक्यात नको. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: आतला तेलाचा दाब कमी पडतोय. या गिअरबॉक्समध्ये क्लच पायानं नाही, तेलाच्या दाबानं दाबले जातात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. दुसऱ्याला दाब वेळेवर मिळाला नाही की मधल्या क्षणी इंजिन मोकळं होतं, रेस चढते, आणि क्लच उशिरा धरतो तेव्हा हिसका बसतो. दाब कमी पडायची कारणं पुष्कळ आहेत: तेल कमी, तेल जुनं, फिल्टर तुंबलेला, सोलेनॉइड (तेलाची वाट उघडझाप करणारा विजेचा व्हॉल्व्ह) अडकलेला, किंवा क्लचच्या पिस्टनची रबरी सीलं उष्णतेनं आणि वयानं कडक झालेली. यातली पहिली तीन कारणं गिअरबॉक्स गाडीवरून न उतरवता दूर होतात.

पहिलं काम तेल मोजायचं, आणि इथंच सर्वांत जास्त चुका होतात. इंजिन ऑइल थंड गाडीत, इंजिन बंद करून मोजतात. गिअरबॉक्सचं तेल तसं मोजलं तर आकडा खोटा येतो. गाडी १५-२० मिनिटं चालवून गरम करा. सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालूच ठेवा. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर प्रत्येक जागेवर दोन-तीन सेकंद थांबवत एकदा वरून खाली आणि परत न्या, म्हणजे सगळ्या वाटा तेलानं भरतात. मग मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल त्याप्रमाणे ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये ठेवून तेल मोजायची काडी काढा, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. तेल ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये पाहिजे. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र रीत उलटी आहे: इंजिन गरम करून बंद करायचं आणि साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत काडी बघायची. म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडल्याशिवाय काडीला हात लावू नका. काही गाड्यांना काडीच नसते. तिथं गाडी लिफ्टवर सपाट उचलून, तेल ठरावीक तापमानाला आणून, बाजूच्या प्लगमधून पातळी बघावी लागते. ते काम स्कॅनर असलेल्या ठिकाणीच करून घ्या.

तेल कमी निघालं तर लक्षात घ्या, गिअरबॉक्स तेल पीत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गळतंय. चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या तबकाचं) गॅस्केट, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची सीलं, रेडिएटरकडे जाणारे दोन पाइप आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखालची जागा, एवढं टॉर्च घेऊन बघा. तेल घालताना काडीच्या नळीतून लांब नळीचं नरसाळं लावून १००-२०० मिलि घाला, पुन्हा मोजा, मग पुढचं. एका दमात लिटरभर ओतू नका. जास्त झालेल्या तेलाला आतले फिरते भाग घुसळतात, फेस होतो, फेसात हवा असते, आणि हवा दाबली जाते. म्हणजे दाब पुन्हा कमी, लक्षणं जशीच्या तशी.

आता काडीवरचं तेल पांढऱ्या कागदावर टिपून बघा. लालसर आणि पारदर्शक असेल तर चांगलं. तपकिरी, पण वास नेहमीचा, म्हणजे जुनं झालंय, बदला. काळं, करपल्यासारखा वास आणि बोटांत चोळल्यावर कण लागतात, म्हणजे क्लचच्या प्लेटांचं अस्तर झिजून तेलात आलंय. गुलाबी दुधासारखं गढूळ दिसलं तर रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलंय. त्या अवस्थेत गाडी एक किलोमीटरही चालवू नका, कारण पाण्यानं क्लचच्या अस्तराचा गोंद सुटतो.

तुमचं तेल तपकिरी निघालं तर टप्प्यानं बदला. या वर्गाच्या गिअरबॉक्समध्ये एकूण साधारण ६ ते ७ लिटर तेल असतं, पण ड्रेन प्लग काढल्यावर त्यातलं निम्म्याच्या आसपासच खाली येतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वाटांमध्ये अडकून राहतं. म्हणून एकदा काढून भरा, ४००-५०० किमी चालवा, पुन्हा काढून भरा, आणि तिसऱ्यांदाही. प्रत्येक वेळी निम्मं गेलं असं धरलं तर तिसऱ्या वेळेनंतर जुनं तेल फक्त आठवा हिस्सा उरतं. तीन वेळा मिळून साधारण ९ ते १०.५ लिटर लागेल, एकाच कंपनीचं आणि एकाच जातीचं घ्या. काढलेलं तेल मोजपात्रात मोजा आणि तेवढंच भरा, मग काडीनं खात्री करा. पहिल्या वेळी चेंबर उतरवून फिल्टर बदला. काही मॉडेलना फिल्टर बाहेरून, इंजिनच्या ऑइल फिल्टरसारखा असतो, तेवढं आधी विचारून घ्या. चेंबरमधल्या चुंबकावर राखाडी मऊ लगदा असणारच, त्याची भीती नाही. तारेचे तुकडे, चकचकीत ठिकऱ्या किंवा पितळी चुरा दिसला तर मात्र आत काहीतरी तुटलंय. चेंबरचे बोल्ट बारीक असतात. ते समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, मॅन्युअलमधला आकडा बहुतेक १० ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. गळतंय म्हणून जोर लावून आवळलं की अॅल्युमिनियममधले आटे जातात, आणि मग खरी गळती सुरू होते.

‘जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो’ हे प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. त्यामागचं कारण समजून घ्या. लोक तेल बदलायला येतात तेव्हा बऱ्याचदा क्लच आधीच घसरत असतात. जळलेल्या तेलात अस्तराचे कण असतात आणि ते थोडी पकड देतात, नवं तेल आलं की तीही जाते. गिअरबॉक्स नव्या तेलानं मरत नाही, तो आधीच संपलेला असतो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: काळं, करपलेलं आणि कणांचं तेल निघालं तर नव्या तेलावर पैसे घालू नका, थेट ओव्हरहॉलचा विचार करा. तपकिरी निघालं तर टप्प्यानं बदला आणि तिसऱ्या वेळेनंतर ५०० किमी चालवून मग ठरवा. मशीन लावून दाबानं सगळं तेल एका वेळी बदलायची पद्धत ९०,००० किमीत एकदाही तेल न बदललेल्या गाडीला आम्ही सुचवणार नाही. कोपऱ्यात बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाच्या वाटा वळवणाऱ्या भागाच्या) बारीक भोकांत जातो.

हे सगळं करूनही सकाळची सुस्ती राहिली, पण गरम झाल्यावर गाडी नीट चालत असेल, तर सीलं कडक झाली आहेत. ती बदलायला गिअरबॉक्स खोलावाच लागतो. तोवर सकाळी इंजिन अर्धा मिनिट चालू द्या, रेस मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आसपास उतरली की मगच ‘डी’ टाका, आणि गाडीनं धरल्याशिवाय अॅक्सिलरेटर दाबू नका.

प्रश्न: मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं घेऊन कन्नडचा घाट चढताना गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. डॅशबोर्डवर दिवा लागला. थांबून बंद-चालू केली तर नीट झाली, पण चाळीसगावहून परतताना पुन्हा तेच. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला तर फक्त पी०७०० दाखवतो. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरनं इंजिनच्या कॉम्प्युटरला दिलेला निरोप: माझ्याकडे बिघाड नोंदला आहे. खरा कोड गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि तो वाचणारा स्कॅनर लागेल. पी०२१८ आला तर तेल फार तापलं. पी०७१५ किंवा पी०७२० आला तर वेग मोजणारा सेन्सर. पी०७३१ ते पी०७३४ म्हणजे त्या त्या गिअरमध्ये घसरण. पी०७५० आणि पुढचे काही कोड सोलेनॉइडचे. कोड लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका, आणि बिघाडाच्या वेळचं तापमान आणि वेग स्कॅनरमध्ये साठलेला असेल तर तोही लिहून घ्या.

एका गिअरमध्ये अडकणं ही गाडीनं स्वतःला वाचवायची युक्ती आहे. कॉम्प्युटरला शंका आली की तो सोलेनॉइडांची वीज काढून घेतो, आणि वीज नसताना तेलाची वाट अशी आखलेली असते की चार गिअरच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये तिसरा गिअर पडतो. त्यात गाडी जड उचलते, पण घरी पोचते.

तुमचं लक्षण फक्त तापल्यावरच येतं. म्हणून दोन दिशांनी तपासा. पहिली म्हणजे उष्णता. गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला रेडिएटरच्या पोटातल्या छोट्या कूलरमधून जातं. साधारण ८० ते ९५ अंशांत ते सुखात असतं, १२० च्या वर गेलं की झपाट्यानं खराब होतं. म्हणजे रेडिएटर बिघडला तर गिअरबॉक्सही तापतो. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत रस्त्यावर उडणारा कापूस आणि धूळ एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि मध्ये गादी झालेली असते. कंडेन्सर सैल करून, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेनं धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पंख आडवे होतात.

आतून तर आणखी वाईट. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालायची आपली सवय सोडावीच लागेल. त्या जड पाण्याचा पांढरा थर किटलीच्या तळासारखाच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, आणि बोअरचं पाणी घातलेली सिस्टिम आधी स्वच्छ करून घ्या. थर फार जुना असेल तर रेडिएटर बदलणं स्वस्त पडतं. पंखा दोन्ही वेगांवर चालतो का तेही बघा, एसी लावताच तो फिरला पाहिजे.

दुसरी दिशा विजेची. सोलेनॉइडचं वेटोळं थंड असताना जोडलेलं राहतं आणि तापल्यावर तुटतं, असं होतं. गिअरबॉक्सचा कनेक्टर काढून मल्टिमीटरनं प्रत्येक सोलेनॉइडचा रोध थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी मोजा. काही गिअरबॉक्समध्ये तो ३ ओमच्या आसपास असतो, काहींमध्ये ११ ते १५, होंडाच्या शिफ्ट सोलेनॉइडांचा १२ ते २५. त्यामुळे आकडा मॅन्युअलमधलाच धरा. गरम झाल्यावर मीटर उघडं दाखवत असेल तर चोर सापडला. त्याच वेळी कनेक्टरच्या पिना बघा, तेल किंवा हिरवट गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसा, आणि गिअरबॉक्सची अर्थ वायर घासून नीट आवळा. बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू इंजिनवर १३.८ ते १४.४ दाखवली पाहिजे.

घाटात ट्रकांच्या मागं अडकलात तर ‘डी’ सोडून ‘२’ किंवा ‘एल’ घ्या, किंवा ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद करा. गिअर सारखा वरखाली होत राहिला आणि टॉर्क कन्व्हर्टर लॉक झाला नाही, म्हणजे आतल्या क्लचनं इंजिनाशी थेट जोडला गेला नाही, की सगळी ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तीच उष्णता होते. दिवा लागलाच तर कडेला थांबा, एसी बंद करा, आणि इंजिनाचा काटा लालमध्ये नसेल तर ‘पी’त इंजिन चालू ठेवा. तेलाचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद केलं तर तेल कूलरपर्यंत जातच नाही. दरवर्षी उन्हाळ्यात घाट करणार असाल तर रेडिएटरच्या कूलरनंतर ओळीत एक वेगळा छोटा ऑइल कूलर बसवून घ्या. पैसे वाया जाणार नाहीत.

प्रश्न: ६० ते ७० च्या वेगाला, हलका पाय असताना, गाडी रम्बल स्ट्रिपवरून चालल्यासारखी थरथरते. टायर बॅलन्स करून झाले. (नांदेड)

उत्तर: मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागं कुणी नसताना, त्याच वेगाला अॅक्सिलरेटर स्थिर धरून डाव्या पायानं ब्रेक पेडल नुसतं शिवा, ब्रेक लाइट लागेल एवढंच. लाइट लागताच कॉम्प्युटर टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक सोडतो. थरथर तेवढ्यात थांबली आणि पाय काढल्यावर परत आली, तर लॉकअप क्लच घसरतोय. त्यावर पहिला उपाय वर सांगितल्याप्रमाणे तेल बदलणं, कारण जुन्या तेलातली घर्षण सांभाळणारी रसायनं संपलेली असतात. ब्रेक शिवूनही थरथर तशीच राहिली तर प्लग आणि इग्निशन कॉइल बघा. एका सिलिंडरची चुकणारी ठिणगी हुबेहूब असाच आभास देते, आणि प्लग बदलून सुटणाऱ्या त्रासासाठी टॉर्क कन्व्हर्टर बदललेला पाहून वाईट वाटतं.

प्रश्न: सासऱ्यांची गाडी मी चालवते. परवा लिव्हर ‘पी’मधून हलेचना, ब्रेक पूर्ण दाबूनही. (एक भगिनी, परभणी)

उत्तर: ताई, ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगा. लागत नसतील तर पेडलवरचा ब्रेक स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलाय. लिव्हरचं कुलूप त्याच स्विचवर उघडतं. तूर्त गाडी काढायची तर बऱ्याच मॉडेलमध्ये लिव्हरजवळ छोटं झाकण असतं, ते उचलून आतलं बटण किल्लीनं किंवा स्क्रूड्रायव्हरनं दाबा, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर ‘एन’ला न्या. पण स्विच त्याच दिवशी बदला, कारण ब्रेक लाइटशिवाय रस्त्यावर उतरणं धोक्याचं आहे.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं. माझी सीव्हीटी आहे. (जालना)

उत्तर: चालत नाही. सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींच्या मध्ये नुसत्या घर्षणावर ताकद नेतो. त्या तेलानं धातू-धातूची पकड टिकवायची असते. साधं एटीएफ घातलं की पट्टा घसरतो, पुलींवर चरे पडतात, आणि चरे पडलेली पुली दुरुस्त होत नाही. निसानच्या गाड्यांना एनएस-२ किंवा एनएस-३, होंडा सिटीच्या २०१४ पासूनच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, असं मॅन्युअलमध्ये नाव दिलेलं असतं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांनीही हे वाचावं: ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या गाड्यांचं एसपी-३ आणि नंतरच्या सहा गिअरचं एसपी-४ एकमेकांच्या जागी चालत नाही. होंडाचं जुनं झेड-१ सांगितलेल्या गाड्यांना मात्र आता डीडब्ल्यू-१ घालतात. चुकून वेगळं तेल पडलंच असेल तर गाडी सुरूही करू नका, आधी काढून घ्या.

प्रश्न: एएमटी आहे. उसाच्या ट्रॅक्टरमागं मांजरसुंब्याचा घाट चढताना करपल्याचा वास येतो आणि गिअर बदलताना मान हलते. (बीड)

उत्तर: तुमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर नाही, साध्या गाडीसारखी कोरडी क्लच प्लेट आहे. चढावर अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवली तर ती प्लेट घासत राहते आणि जळते. ट्रॅक्टर थांबला की ब्रेक दाबा, अंतर सोडा, दहा-पंधरा मीटर मोकळे झाले की एकदमच निघा. मान हलते ती अर्धवट झिजलेल्या क्लचमुळं किंवा क्लच कुठं धरतो ते कॉम्प्युटरला नीट माहीत नसल्यामुळं. स्कॅनरवर क्लचची झीज बघता येते. क्लच बदलला असेल तर त्यानंतर धरण्याची जागा नव्यानं शिकवायची प्रक्रिया स्कॅनरनं करावीच लागते, ती वगळली की नवा क्लचही हिसके देतो.

हायड्रॉलिक यंत्रणेच्या एएमटीत ड्रायव्हरचं दार उघडताच पंपाचा दोन-तीन सेकंद घूंऽऽ आवाज येतो. तो नेहमीचा आहे. उभ्या गाडीत किल्ली चालू असताना तो दर काही सेकंदांनी परत परत आला, तर दाब साठवणारा गोळा संपलाय किंवा कुठंतरी गळतंय. त्याच्या तेलाची कुपी ब्रेक ऑइलच्या डबीसारखी दिसते, पण तिच्यात ब्रेक ऑइल घालू नका, आतली सीलं फुगतात.

प्रश्न: बॅटरी नवी टाकल्यापासून गिअर खडबडीत पडतात. शिवाय ‘पी’तून ‘आर’ला नेताना आधीपासूनच दणका बसतो. (हिंगोली)

उत्तर: बॅटरी काढली की कॉम्प्युटर शिकलेलं विसरतो. गाव-रस्ता मिळून शंभरएक किलोमीटर मऊ पायानं चालवा, जमून येईल. दणका वेगळा आहे. बॉनेट उघडून, हँडब्रेक आणि फूटब्रेक दाबून ‘डी’ आणि ‘आर’ आळीपाळीनं टाकायला लावा आणि बाजूला उभं राहून इंजिन बघा. ते दोन बोटांपेक्षा जास्त उसळलं तर इंजिन माउंटिंगचं रबर फाटलंय. तसंच थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) काळी होऊन आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता असणारी रेस) हजाराच्या वर राहत असेल तरी दणका बसतो. दोन्ही गोष्टी गिअरबॉक्सच्या बाहेरच्या आहेत.

प्रश्न: गाडी रस्त्यात बंद पडली तर ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढत नेता येईल का? धक्का मारून चालू होईल का? (धाराशिव)

उत्तर: टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी धक्क्यानं चालू होत नाहीत, कारण इंजिन बंद असताना पंप दाब देत नाही आणि चाकं इंजिनाला फिरवू शकत नाहीत. ओढून नेण्याचाही तोच धोका: पुढची चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर आतले गिअर फिरतात, आणि त्यांना तेल देणारा पंप बंद असतो. पाच-दहा मीटर कडेला घ्यायला ‘एन’मध्ये ढकलली तर हरकत नाही. त्यापुढं पुढची दोन्ही चाकं वर उचलून किंवा पूर्ण गाडी टेम्पोवर चढवूनच न्या, आणि चढवताना लिव्हर ‘एन’ला, चढवून झाल्यावर ‘पी’ला आणि हँडब्रेक ओढलेला ठेवा.